बुटाची नाडी दिसणारा कॅमेरा

कागलच्या बुद्धभूषण कांबळेंनी घरात कॅमेरा आणायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या दोन मुलींना दोन वेगळे कॅमेरे हवे होते आणि घेता येणार होता एकच.

थोरली श्रुती कोल्हापूरला कॉलेजात फोटोग्राफी शिकत होती. पहिलंच वर्ष. वर्गात पोरं अकरा आणि कॉलेजचा कॅमेरा एक. श्रुतीची पाळी बुधवारी, पंचवीस मिनिटं. त्यातली दहा मिनिटं आधीच्यानं करून ठेवलेला सेटिंगचा गोंधळ निस्तरण्यात जायची. धाकटी क्रांती आठवीत होती, शाळेच्या फुटबॉल संघात उजव्या बाजूनं खेळायची, पाठीवर सात नंबर. ती फोटो काढणारी नव्हती, काढून घेणारी होती. तिचं एवढंच म्हणणं, की माझी मॅच नीट दिसली पाहिजे.

कारण गेल्या वर्षीची मॅच बुद्धभूषणनी मोबाइलवर काढली होती. हा माणूस वायरमन. भर वाऱ्यात खांबावर चढून काम करायचा, तिथं त्याचा हात कधी हलला नाही. पण पोरगी मैदानात उतरली, की त्याचं सगळं अंग हलायचं. त्यात मोबाइल. घरी टीव्हीवर लावून बघितलं, तर हिरव्या चादरीवर बावीस मुंग्या.

"ही बघ आपली क्रांती," बुद्धभूषण बोट लावून म्हणाले.

"पप्पा, तो रेफ्री हाय," क्रांती म्हणाली.

ती मॅच कागलची शाळा सहा-शून्यनं हरली होती. त्याच्या आधीच्या वर्षी पाच-शून्य. या स्पर्धेत शाळा चार वर्षं उतरत होती आणि चार वर्षांत एकही गोल झालेला नव्हता.

दिवाळीपासून बुद्धभूषण कॅमेऱ्याच्या मागं लागले. जेवताना, झोपताना मोबाइलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ. डब्यातली भाकरी खाता खाता सोबतच्या लोकांना सेन्सर म्हणजे काय ते समजावायचे. त्यांच्या डोक्यात लांब झूम बसलं होतं. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पोरीच्या कपाळावरचा घाम दिसला पाहिजे. श्रुतीला हवा होता सगळं आपल्या हातानं ठरवता येईल असा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा. तिची आई प्रियदर्शनी सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिच्या अटी वेगळ्या. "वजनाला हलका पायजे. बिघडला तर कोल्हापुरातच दुरुस्त झाला पायजे. आणि घेतल्यावर तुम्ही तिघं भांडायचं न्हाय."

शेवटी फेब्रुवारीतला एक शनिवार ठरला. दुपारी चारला कोल्हापूरच्या एका मैदानावर क्रांतीची मॅच होती आणि सोमवारी श्रुतीला 'गती' या विषयावर एक फोटो वर्गात द्यायचा होता. सकाळी कॅमेरा घ्यायचा आणि तिथूनच मैदानावर जायचं. क्रांती घरातूनच निळी जर्सी, मोजे, बूट घालून निघाली. काखेत बॉल.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कॅमेऱ्याच्या दुकानासमोर दोन्ही दुचाकी लावल्या, तर पायरीवर आक्का बसलेली. आक्का म्हणजे बुद्धभूषणची थोरली बहीण. हुपरीला चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडायचं काम तिनं चाळीस वर्षं केलं होतं. तिला कुणी बोलावलं नव्हतं. सकाळच्या एसटीनं ती आपली आपण आली होती.

"आक्का, तू कशी काय?" बुद्धभूषण म्हणाले.

"तू एकटा घ्यायला गेलास की काय घेऊन येतोस ते म्हायती हाय मला. मिक्सर आणलावतास, आठवतोय का? चल आत."

दुकानाचे मालक धैर्यशील, पन्नाशीचे, गळ्यात चष्मा अडकवलेले. पाच माणसं आणि एक फुटबॉल बघून त्यांनी आधी खुर्च्या मागवल्या. बुद्धभूषणनी तीन महिन्यांचा अभ्यास एका दमात सांगून टाकला. मध्ये श्रुतीनं तीनदा "पप्पा, तसं नसतंय ते" म्हटलं. धैर्यशीलनी सगळं ऐकून घेतलं आणि काउंटरवर तीन कॅमेरे मांडले. एक तळहातात मावणारा, नुसत्या व्हिडिओचा. दुसरा लांब झूमचा, पण लेन्स कायमची बसवलेली. तिसरा लेन्स बदलणारा, सोबत एक छोटी आणि एक लांब अशा दोन लेन्स.

"ह्यातला चांगला कुठला?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"ताई, दुकानात बसून कॅमेरा कळत न्हाय. खेळाडू आणलायसा न्हवं? चला भाईर."

आणि सगळी वरात रस्त्यावर आली.

दुकानाच्या शेजारची गल्ली तशी शांत होती. एका टोकाला हॉटेल, दुसऱ्या टोकाला फळांचा गाडा. क्रांतीनं बॉल घेऊन त्या टोकापासून या टोकापर्यंत यायचं आणि तिन्ही कॅमेऱ्यांनी आळीपाळीनं तिला टिपायचं असं ठरलं. पहिला व्हिडिओवाला बुद्धभूषणनी घेतला. क्रांती परत जाताना गल्लीच्या तोंडापासून तिच्या पाठीवरचा सात आकडा स्पष्ट दिसला आणि ते खूश होऊन ओरडले, "घ्यायचा! हाच!"

"ह्याच्यात मी फोटोचा अभ्यास कसा करू?" श्रुती म्हणाली. "शटर माझ्या हातात न्हाय, काय न्हाय."

"एक फोटो काढून बघ की."

तिनं काढला. दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर तो लावला, तर क्रांतीचा चेहरा पाण्यात ढवळल्यासारखा. आक्का उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेली. तिचं सगळं आयुष्य दाण्याएवढ्या घुंगराचा जोड बघण्यात गेलेलं. ती चेहऱ्याकडं बघतच नव्हती. खाली पायाकडं बघत होती.

"बुटाची नाडी कुठं हाय?"

"नाडी?" धैर्यशीलनी चष्मा डोळ्यावर चढवला.

"नाडी दिसायला पायजे. नाडी दिसली म्हंजे पोरगी दिसली. म्होरला दाखवा."

दुसरा कॅमेरा. झूम एवढं, की गल्लीच्या टोकाच्या संत्र्यावरचं स्टिकर वाचता यावं. बुद्धभूषणचा जीव तिथंच अडकला. क्रांती पुन्हा धावली. टीव्हीवर फोटो आला. मागच्या हॉटेलच्या पाटीवरचं 'कट वडा' अक्षरन् अक्षर ठळक, आणि त्याच्यापुढून एक निळा धूर चाललेला.

"वडा चांगला आलाय," आक्का म्हणाली. "नाडी न्हाय."

आता गल्लीत माणसं जमायला लागली होती. गुंडू नावाचा एक रिक्षावाला मघापासून रिक्षात बसून बघत होता. तो खाली उतरला.

"पावणं, पोरगी एकटीच पळाल्या. मॅचमधी एकटीला कोण पळू देतंय का? आडवं कोण तरी पायजे की."

आणि खाकी शर्टाची बाही वर सारून तो गल्लीच्या मधोमध उभा राहिला. क्रांतीनं त्याला डावीकडचं दाखवून उजवीकडून काढलं. गुंडू फळाच्या गाड्यावर जाऊन आपटता आपटता राहिला. लोक हसले. मग तो ऐकेना. "आणि एकदा!" म्हणाला. हॉटेलातनं दोन कॉलेजची पोरं आली, तीही आडवी उभी राहिली. क्रांती तिघांमधून घुसली, बॉल गाड्याखाली गेला, बॉलच्या मागं एक संत्रं बाहेर आलं आणि एकानं चुकून संत्र्यालाच पाय लावला. फळवाली शिव्या द्यायला लागली आणि शिव्या देता देता हसायला लागली. प्रियदर्शनी दुकानाच्या पायरीवरून ओरडत होती, "अहो, बास की! चारला मॅच हाय तिची! चौदावी फेरी हाय ही, मी मोजाय लागल्या!"

"मम्मी, वॉर्म-अप!" क्रांती पळता पळता ओरडली.

या सगळ्यात श्रुतीच्या हातात तिसरा कॅमेरा आला होता. लांब लेन्स लावलेली. तिनं वरची चकती फिरवली, पळणारं माणूस जागच्या जागी गोठावं म्हणून शटरचा वेग हजाराच्या पलीकडं नेला, आणि बघितलं तर काय, पडद्यावरचा छोटा चौकोन क्रांतीच्या चेहऱ्याला जाऊन चिकटला होता. क्रांती वळली, चौकोन वळला. क्रांती वाकली, चौकोन वाकला. कॉलेजचा कॅमेरा असलं काही करत नसे. श्रुती नुसतं बटण दाबत राहिली. तेवढ्यात गुंडू मध्ये आला आणि चौकोन उडी मारून त्याच्या मिशीवर जाऊन बसला.

"धर, धर! परत क्रांतीला धर!" ती कॅमेऱ्याशीच बोलायला लागली.

गर्दी बघून कोपऱ्यावरचा ट्रॅफिक हवालदार आला. त्यानं काय चाललंय ते विचारलं. धैर्यशीलनी सांगितलं. हवालदारानं टोपी नीट केली.

"रस्ता मोकळा करा," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "त्याच्या आदी माझा एक काढा."

टीव्हीवर फोटो लागले तेव्हा दुकानात पंधरा-एक माणसं घुसली होती. हवालदार सगळ्यात पुढं. क्रांती हवेत, एक पाय पुढं, केस सरळ मागं. आक्का पुढं झाली. टीव्हीच्या काचेला नाक लागायचं बाकी राहिलं.

"दिसत्या," ती म्हणाली. "नाडी दिसत्या." मग तिनं डोळे बारीक केले. "अगं पर ती सुटल्या की! प्रिया, पोरीची नाडी सुटल्या!"

सगळ्यांनी वळून क्रांतीच्या पायाकडं बघितलं. उजव्या बुटाची नाडी खरंच सुटून लोंबत होती. प्रियदर्शनीनं खाली बसून ती बांधली, दुहेरी गाठ मारून, आणि उठताना म्हणाली, "हाच द्या."

बुद्धभूषणनी एकदा त्या लांब झूमवाल्याकडं बघितलं. मग तिसरा हातात घेतला, डोळ्याला लावला, दुकानाच्या बाहेर गाड्यावरच्या संत्र्याकडं रोखला. स्टिकर काही वाचता येईना. पण फळवाली हसताना तिचा पडलेला दात दिसला. "चालतंय," ते म्हणाले. पैसे ठरल्यापेक्षा थोडे जास्त झाले. आक्कानं कमरेची पिशवी सोडली आणि वरचे तिनं दिले. बॅटरी दुकानातच चार्जिंगला लावून सगळे समोर कट वडा खायला गेले. गुंडूलाही नेलं.

मैदानावर पोहोचेपर्यंत पावणेचार झाले. ऊन तिरकं व्हायला लागलं होतं. समोर कोल्हापूरची शाळा, गेल्या वर्षीची विजेती. पोरी उंच, सगळ्यांच्या मोज्यांचा रंग एक. कागलच्या पोरींच्या मोज्यांचे तीन रंग होते.

पहिला हाफ पप्पा काढणार, दुसरा श्रुती, असं प्रियदर्शनीनं जाहीर केलं होतं. बुद्धभूषण कॅमेरा गळ्यात अडकवून रेषेपाशी उभे राहिले. श्रुतीनं लाल बटण दाखवलं. "एकदा दाबलं की सुरू. परत दाबलं की बंद. एवढंच."

"माझं वय काय, तू सांगत्यास काय," ते म्हणाले.

शिट्टी झाली. बुद्धभूषणनी बटण दाबलं. उन्हात पडद्यावर काही दिसेना, म्हणून खात्रीसाठी आणखी एकदा दाबलं.

पहिल्या दहा मिनिटांत कोल्हापूरनं दोन गोल केले. आक्का रेफ्रीला नावं ठेवायला लागली. आणि मग अठराव्या मिनिटाला, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, कोल्हापूरच्या एका पोरीनं मागं दिलेला बॉल हळू गेला. क्रांती तिथंच होती. तिनं तो पायात घेतला, एकीला उजवीकडून काढलं, अगदी गुंडूला काढलं तसं, आणि गोलकीपर पुढं येतीय हे बघून बॉल तिच्या काखेखालून ढकलला. फार जोरात नाही. बॉल लोळत लोळत गेला आणि रेषेच्या पलीकडं जाऊन थांबला.

क्षणभर कागलच्या पोरींना कळेचना, की आता काय करायचं असतं. चार वर्षांत ती वेळच आलेली नव्हती. मग त्यांची गोलकीपर आपला गोल सोडून सगळं मैदान पार करत ओरडत आली. राखीव पोरी आत घुसल्या. त्यांच्या बाईही आत घुसल्या. आक्का फळ्यांच्या बाकावर उभी राहिली. प्रियदर्शनी शेजारच्या अनोळखी बाईच्या गळ्यात पडली, आणि ती बाई कोल्हापूरच्या शाळेतली होती. रेफ्री शिट्टी फुंकून फुंकून दमला.

"काढलं! सगळं काढलं!" बुद्धभूषण गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं बोट दाखवून ओरडत होते. "पयल्यापास्नं!"

हाफटाइमला क्रांती घामानं निथळत धावत आली. तोंडात मोसंबीची फोड. "पप्पा, दाखवा! दाखवा की!"

सगळा संघ भोवती जमला. श्रुतीनं कॅमेरा घेतला, सावलीत धरला आणि पहिला व्हिडिओ लावला.

चप्पल. बुद्धभूषणची चप्पल आणि थोडं गवत. दुसरा व्हिडिओ. आभाळ, मग पाण्याची बाटली. तिसरा लावला, पुन्हा चप्पल.

श्रुतीला कळलं. तिनं डोळे मिटून घेतले. "पप्पा, तुम्ही सुरवातीला दोनदा दाबलंयसा. मग सगळं उलटं झालंय. बंद करताना सुरू झालंय, सुरू करताना बंद."

"म्हंजे गोल?"

"गोल न्हाय."

बुद्धभूषण खाली बसले. गवतातच. चार वर्षांतला पहिला गोल, पोटच्या पोरीचा, आणि कॅमेरा हातात असताना गेला. त्यांचे डोळे भरून आले. श्रुतीच्या अंगठ्यानं तेवढ्यात पुढचा व्हिडिओ सुरू झाला.

तो गोल झाल्या झाल्याचा होता. काढून झालं असं समजून बुद्धभूषणनी बटण दाबलं होतं तिथपासूनचा. पडद्यावर दोन चपला, आणि त्या उड्या मारत होत्या. वर जात होत्या, खाली येत होत्या. मागून बुद्धभूषणचा आवाज, "आयला! आयला! आयला!" दर उडीला एकदा. चौथ्या उडीला एक चप्पल पायातून सुटली आणि चौकटीच्या बाहेर गेली. मग एक अनवाणी पाय, एक चप्पल, आणि उड्या चालूच. त्यावर आक्काचा आवाज, "भूषण्या, ती कुणाच्या तरी डोस्क्यात बसली बघ!"

क्रांती आधी हसली. ती हसता हसता वाकली, मोसंबीचा रस नाकात गेला, ती खोकायला लागली. मग सगळा संघ. गोलकीपर गवतात लोळत होती. "परत लावा!" "ताई, परत लावा!" तीन वेळा लावला. तिसऱ्या वेळी बुद्धभूषणही उठून बघायला आले, आणि स्वतःच्या उड्या बघून त्यांना असं हसू फुटलं, की त्यांना प्रियदर्शनीचा खांदा धरावा लागला.

"हे पुसायचं न्हाय," क्रांती धापा टाकत म्हणाली. "कवाच न्हाय. आणि गोल मी परत मारते."

दुसऱ्या हाफला कॅमेरा श्रुतीकडं आला. आता तिला आपला फोटो हवा होता. अनुजा मॅडमनी वर्गात सांगितलं होतं, शटर मुद्दाम हळू ठेवायचं, आणि धावणाऱ्याच्या बरोबरीनं कॅमेरा त्याच वेगानं फिरवत न्यायचा. जमलं तर माणूस ठळक येतो आणि मागचं जग पुसलं जातं. श्रुतीला हे कधी जमलं नव्हतं. बुधवारच्या पंधरा मिनिटांत जमण्यासारखं नव्हतंच. ती रेषेपासून बरीच मागं गेली आणि गवतावर एक गुडघा टेकून बसली. पहिले वीस फोटो वाया गेले. मग तीस. आज मात्र मागं कुणी पाळीसाठी उभं नव्हतं. ती पुसत गेली आणि काढत गेली.

कोल्हापूरनं तिसरा गोल केला. मॅच संपायला पाच मिनिटं राहिली. तेवढ्यात क्रांतीला उजव्या रेषेवर बॉल मिळाला आणि ती सुटली.

आणि रेषेच्या बाहेरून बुद्धभूषण सुटले. आता त्यांच्या हातात काही नव्हतं. आत पोरगी आणि बाहेर बाप, चार हातांचं अंतर, दोघं एकाच वेगात. "पळ! पळ! पळ!" श्रुतीनं श्वास रोखला, कंबरेतून वळत कॅमेरा त्यांच्याबरोबर नेला आणि दाबलं. वळणं थांबवलं नाही, नेतच राहिली.

क्रांतीनं मारलेला बॉल खांबावर टण्णकन आपटून बाहेर गेला. मैदानभर "आऽऽह" झालं.

श्रुतीनं खाली पडद्याकडं बघितलं. झाडं, माणसं, समोरचे बाक, सगळं ओढून लांब केल्यासारखं रेघारेघांचं. त्यात दोघंच ठळक. दोघांचाही डावा पाय पुढं. दोघांचंही तोंड सारखंच उघडं. तिनं फोटो मोठा करून बघितला. पप्पांच्या खिशाला लावलेलं पेन दिसत होतं. ती एकटीच तिथं गवतावर बसून हसत राहिली आणि मॅच संपल्याची शिट्टी तिला ऐकूच आली नाही.

तीन-एक. हरलेल्या कागलच्या पोरी नाचत होत्या आणि जिंकलेल्या कोल्हापूरच्या पोरी कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडं बघत होत्या. शेवटी त्यांची कॅप्टन श्रुतीजवळ आली.

"ताई, ह्यांचा फोटो काढणार हायसा काय? मग आमचा बी काढा की. उडी मारतानाचा."

श्रुतीनं शटर पुन्हा हजारावर नेलं. एक एक करून पोरी उड्या मारायला लागल्या. आधी कोल्हापूरच्या, मग कागलच्या, मग एक इकडची एक तिकडची हात धरून. रांग लागली. कागलच्या बाईंनी आधी नको नको म्हटलं आणि मग दोनदा उडी मारली. रेफ्रीनं शिट्टी तोंडात धरून मारली. प्रियदर्शनीनं पर्स बुद्धभूषणच्या हातात दिली आणि तीही गेली.

आक्का बाकावरून सगळं बघत होती. क्रांतीनं तिला हात धरून ओढत आणलं.

"मला न्हाय जमत," आक्का म्हणाली. "गुडघं हायत काय माझं?"

"एकदाच गं आक्का!"

आक्कानं लुगडं वर खोचलं. डोळे गच्च मिटले. सगळ्या पोरींनी एक, दोन, तीन म्हटलं. आणि ती उडाली. फार नाही, दोन बोटं. पण दोन्ही पाय जमिनीवरून सुटले होते आणि श्रुतीनं ते टिपलं होतं.

"आलं?" आक्कानं डोळे उघडून विचारलं.

"आलं!"

"मग आणि एक काढ," आक्का म्हणाली. "ह्या वक्ताला डोळं उघडं ठेवून मारते."